नित्य आणि नैमित्तिक : एकल सागरप्रवासाच्या निवेदनाविषयी

१

शिडाच्या नौकेतून एकट्याने महासागर ओलांडणाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. ह्या पुस्तकांना वाचक विपुल लाभले, समीक्षक मात्र क्वचितच लाभले. 'साहसकथा' ह्या सोयीच्या कप्प्यात ती टाकली की त्यांच्यासंबंधीचे आपले कर्तव्य संपले, अशी समीक्षेची एकंदर धारणा दिसते. साहसकथा म्हटले की वादळ, मोडलेली डोलकाठी आणि मृत्यूशी झालेली गाठ ह्या गोष्टी वाचकाच्या मनात आधीच उभ्या राहतात, आणि मग तो पुस्तकात त्याच शोधू लागतो.

प्रत्यक्ष संहितांकडे वळले की वेगळे चित्र दिसते. पानांमागून पाने हा माणूस काय करीत असतो? तो दोर कुठे घासतो आहे ते पाहतो, फाटलेले शीड शिवतो, नौकेच्या तळाशी साचलेले पाणी उपसतो, स्टोव्ह पेटवून काहीतरी शिजवतो, दुपारी सूर्याची उंची मोजून नकाशावर एक खूण करतो आणि तुकड्यातुकड्यांनी झोपतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथहून निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतला. ह्या ३१२ दिवसांतील प्रत्येक दिवस वादळाचा नव्हता. प्रत्येक दिवस कामाचा मात्र होता.

ह्या लेखनप्रकाराचे केंद्र साहसात नसून दिनचर्येत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे मान्य केले की निवेदनमीमांसेच्या दृष्टीने एक अवघड प्रश्न समोर येतो. जे रोज घडते, सारखेच घडते आणि नीट पार पडले तर ज्याची कोणतीही खूण मागे उरत नाही, ते सांगायचे कसे? त्याहूनही अवघड प्रश्न असा की, जेथे दुसरा माणूसच नाही तेथे ते खरोखर घडले ह्याला साक्ष कोणाची?

२

ह्या प्रश्नाचा विचार करताना पूर्वमीमांसेतील एक जुना भेद उपयोगी पडतो, असे मला वाटते. मीमांसकांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार कल्पिले आहेत. काम्य कर्म फळाच्या इच्छेने केले जाते. नैमित्तिक कर्म काही निमित्त घडले म्हणजे करावे लागते. नित्यकर्माचे वैशिष्ट्य असे की, ते केल्याने कोणतेही विशेष फळ पदरात पडत नाही, न केल्यास मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष, घडतो.

एकट्या खलाशाची दिनचर्या नेमकी ह्याच रचनेची आहे. दोर कप्पीवर घासून झिजतो. खलाशी रोज तो तपासतो आणि झिजलेला भाग सरकवतो किंवा बदलतो. ह्याचे फळ काय? काहीही नाही, शीड जेथे होते तेथेच राहते. पण तपासणी एकदा चुकली आणि तो दोर रात्री तुटला, तर प्रत्यवाय तत्काळ समोर उभा राहतो. ह्या दृष्टीने पाहता वादळ हे नैमित्तिक ठरते आणि शर्यतीचे बक्षीस हे काम्य. साहसकथेची समीक्षा ह्या दोहोंपाशीच घुटमळते. नित्याकडे ती पाहत नाही, कारण नित्याला कथानक नसते.

ह्या उपमेची मर्यादाही येथेच नोंदवावयास हवी. शास्त्रातील नित्यकर्म विधिवाक्याने प्राप्त होते आणि त्याचा प्रत्यवाय अदृष्ट असतो. समुद्रावरील कर्म कोणत्याही वाक्याने सांगितलेले नसते आणि त्याचा प्रत्यवाय दृष्ट असतो, पुष्कळदा क्षणात दृष्ट होतो. तरीही ह्या भेदाचा उपयोग असा की, निवेदनातील पेच त्यामुळे स्पष्ट होतो. कथन हे स्वभावतःच फळाकडे ओढ घेणारे असते. काय घडले, ह्या प्रश्नाचे ते उत्तर असते. नित्यकर्म तर काही घडू नये म्हणूनच केले जाते. न घडलेल्याची कथा सांगणे, हे ह्या लेखकांपुढील खरे आव्हान आहे.

३

ह्या परंपरेचा आद्य ग्रंथ म्हणजे जोशुआ स्लोकमचे १९०० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेले 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'. २४ एप्रिल १८९५ रोजी स्लोकम बॉस्टनहून 'स्प्रे' ह्या सुमारे ३७ फुटी नौकेतून निघाला आणि ४६,००० मैलांहून अधिक प्रवास करून २७ जून १८९८ रोजी अमेरिकेतीलच न्यूपोर्ट बंदरात परतला. एकट्याने केलेली ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

नित्य सांगण्याची स्लोकमची रीत संक्षेपाची आणि विनोदाची आहे. हुआन फर्नांडेझ बेटापासून सामोआपर्यंतचे बंदराविना गेलेले ७२ दिवस तो एका प्रकरणात आटोपतो. जेरार जेनेतने १९७२ मध्ये निवेदनातील वारंवारितेचा विचार करताना अनेकदा घडलेले एकदाच सांगण्याची जी रीत वेगळी काढून दाखविली, तिचे हे प्रकरण उत्तम उदाहरण ठरावे. सुकाणू बांधून ठेवले की 'स्प्रे' आपली आपण दिशा धरून चालत असे. त्यामुळे त्याच्या दिवसाला मोकळीक असते. तो वाचन करतो, स्वयंपाक करतो, रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे सकाळच्या न्याहारीला तळतो. आवाज हरवू नये म्हणून तो नसलेल्या खलाशाला मोठ्याने हुकूम सोडून पाहतो. काटेकोर कालमापक यंत्र त्याने बरोबर घेतलेलेच नाही. आहे ते एक डॉलरला घेतलेले, तबकडी फुटलेले पत्र्याचे घड्याळ, आणि पुढे त्याचा मिनिटकाटाही गळून पडतो. काळाला मिनिटे उरलेली नाहीत, ही त्या दिनचर्येची चपखल खूणच म्हणावयास हवी, पण स्लोकम तिचे प्रतीक करीत नाही. तो घड्याळ उकळत्या पाण्यात घालून चालू करतो आणि पुढे जातो.

ह्या संहितेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंगही ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. अझोर्स बेटे सोडल्यावर आलुबुखार आणि चीज खाऊन स्लोकमच्या पोटात कळा येतात आणि तो केबिनमध्ये निपचित पडतो. बाहेर वादळ असते. शुद्धीवर येतो तो सुकाणूपाशी एक परका माणूस उभा दिसतो. आपण कोलंबसाच्या 'पिंटा' ह्या जहाजावरील वाटाड्या आहोत, असे तो सांगतो. सकाळी पाहावे तर नौका योग्य दिशेने सुमारे नव्वद मैल पुढे आलेली. ह्याकडे भास म्हणून किंवा चमत्कार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. मला येथे नित्याचा लोप आणि त्याची कल्पनेने केलेली भरपाई दिसते. मीमांसेत नित्यकर्मासाठी विहित द्रव्य न मिळाल्यास त्याचा प्रतिनिधी चालतो, पण यजमानाचा प्रतिनिधी चालत नाही. एकट्या खलाशाची स्थिती अशा यजमानासारखीच असते. त्याच्याऐवजी पहारा देणारा कोणी नसतो. त्या एका रात्री स्लोकमला प्रतिनिधी लाभतो तो फक्त निवेदनात.

४

स्लोकमच्या शैलीत नित्य हलके होते. नॉक्स-जॉन्स्टनच्या 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' (१९६९) ह्या पुस्तकात ते आपल्या संपूर्ण वजनासह येते. त्याची ३२ फुटी नौका 'सुहेली' हिचे मुंबईशी असलेले नाते केवळ अभिमानापुरते नाही. मुंबईच्या सुतारांनी सागवानी लाकूड वाकसाने तासून ती बांधली आणि १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. लाकडी नौकेला सांधे असतात, आणि सांधे म्हणजे नित्यकर्म. प्रवासाच्या आरंभीच्या आठवड्यांतच नौका पाणी घेऊ लागते. समुद्राच्या मध्यावर, पुनःपुन्हा श्वास रोखून, तो पाण्याखालील सांध्यात कापूस ठासतो आणि त्यावर कॅनव्हासची पट्टी व तांब्याचा पत्रा ठोकतो. मध्येच शार्क येतो, त्याला गोळी घालावी लागते, आणि काम पुन्हा सुरू होते. साहसकथेचा वाचक शार्कपाशी थांबतो. निवेदकाचे लक्ष मात्र सांध्यावर आहे. शार्क हा कामात आलेला व्यत्यय आहे.

पुढे साठवणीचे पिण्याचे पाणी दूषित झालेले आढळते, तेव्हा पावसाचे पाणी धरणे हे नवे नित्यकर्म होते. नौका आपोआप दिशेवर ठेवणारी यंत्रणा निकामी होते, तेव्हा झोपेचे सारे गणित बदलते. न्यूझीलंड सोडल्यानंतर चार महिन्यांहून अधिक काळ त्याचा जगाशी संपर्क नसतो. तरीही ह्या लेखनात आत्मशोधाची भाषा जवळजवळ नाही. जाण्यापूर्वी आणि परत आल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने त्याला तपासले आणि दोन्ही वेळा तो सामान्य असल्याचाच निर्वाळा दिला. ह्या सामान्यपणाचे बीज त्याच्या वाक्यरचनेत सापडते. त्याचे वाक्य कर्त्याकडून कर्माकडे जाते आणि कर्माशी थांबते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. शिजवणे, भांडी घासणे, शिवणे, वाळवणे, साठवणीचा हिशेब ठेवणे ही कामे जमिनीवर कोण करते? जमिनीवर ज्यांना 'घरकाम' म्हणून कथनाबाहेर ठेवले जाते, तीच कामे समुद्रावर पुरुष निवेदकाच्या वाट्याला आली की लिहिण्याजोगी ठरतात. नेओमी जेम्ससारख्या खलाशी स्त्रीने आपल्या १९७७–७८ मधील पृथ्वीप्रदक्षिणेवर लिहिलेले 'अ‍ॅट वन विथ द सी' (१९७९) ह्या परंपरेत आहे, पण तिचा बहुतांश भाग पुरुषांनीच लिहिला आहे. मराठी वाचकाला ह्या ठिकाणी १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची आठवण व्हावी. तेथे नित्याला कथनीयता मिळवून देण्यासाठी समुद्राची आवश्यकता भासली नाही. मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांनी सोडविलेला प्रश्न आणि एकल सागरप्रवासाच्या निवेदनापुढील प्रश्न एकच आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. फरक एवढाच की, खलाशाला प्रत्यवायाची भीती दाखवून वाचकाचे लक्ष धरून ठेवता येते. घरातील नित्यकर्म चुकले तर नौका बुडत नाही, म्हणून ते दिसतही नाही.

५

ह्याच शर्यतीत १९६८ मध्ये निघालेल्या बेर्नार मॉतेसियेने तिसरी वाट चोखाळली. हा फ्रेंच लेखक हानोई येथे १९२५ साली जन्मला आणि इंडोचायनात वाढला. आपल्या पोलादी नौकेला त्याने स्लोकमवरून 'जोशुआ' हे नाव दिले होते. केप हॉर्न ओलांडल्यावर इंग्लंडकडे वळण्याऐवजी त्याने शर्यत सोडली आणि पूर्वेकडे तसेच पुढे जाऊन २१ जून १९६९ रोजी ताहिती गाठले. शर्यत सोडत असल्याचा निरोप त्याने केपटाउनजवळ एका जहाजावर गलोलीने फेकला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ला लाँग रूत' ह्या त्याच्या पुस्तकात नित्यकर्म साधनेचे रूप घेते. योगासने, पक्ष्यांना खाऊ घालणे, शिडांची लहानशी जुळवाजुळव ह्या गोष्टी तेथे कामाच्या यादीत राहत नाहीत. त्या लयीत विरघळतात.

काम्याचा त्याग करून नित्यात स्थिर होणे, हे सूत्र भारतीय वाचकाला ओळखीचे वाटते, आणि म्हणूनच येथे सावध राहावयास हवे. मॉतेसियेने बक्षीस सोडले, वाचक सोडला नाही. पत्नी किनाऱ्यावर वाट पाहत असताना घेतलेल्या ह्या निर्णयाची नैतिक बाजू तो निवेदनाच्या काव्यात्मतेत झाकू पाहतो, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी चुकीचा ठरणार नाही. तरीही न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील स्ट्युअर्ट बेटाजवळचा प्रसंग त्याच्या भूमिकेला आतून छेद देतो. वारा हळूहळू फिरला आहे आणि नौका खडकांच्या दिशेने चालली आहे, हे त्याच्या लक्षात येत नाही. डॉल्फिनांचा मोठा थवा पुनःपुन्हा उजवीकडे वळतो, तेव्हा तो होकायंत्राकडे पाहतो. तन्मयतेतही होकायंत्राकडे पाहण्याचे नित्यकर्म सुटत नाही. सुटले तर तन्मयताच प्रत्यवाय होते. ही जाणीव त्याच्या संहितेत आहे, म्हणूनच तिची काव्यात्मता पोकळ होत नाही.

६

ह्या विवेचनाची खरी कसोटी डोनाल्ड क्राउहर्स्टच्या प्रकरणात लागते. ३१ ऑक्टोबर १९६८ ह्या शेवटच्या मुदतीच्या दिवशी, पुरती तयारी न झालेल्या तीन सांगाड्यांच्या नौकेतून तो त्याच शर्यतीत उतरला. दक्षिण महासागरात ही नौका टिकणार नाही, हे त्याला लवकरच उमगले. माघार घेणे आर्थिकदृष्ट्या आणि मानाच्या दृष्टीने त्याला अशक्य वाटले. डिसेंबर १९६८ पासून तो खोटी स्थाने कळवू लागला आणि प्रत्यक्षात अटलांटिकमध्येच भटकत राहिला. मार्च १९६९ मध्ये त्याने नौका दुरुस्तीसाठी अर्जेंटिनाच्या किनाऱ्याला गुपचूप लावली. १० जुलै १९६९ रोजी त्याची नौका निर्मनुष्य सापडली. लॉगबुके मात्र नौकेवर होती. त्यांच्या आधारे निकोलस टॉमलिन आणि रॉन हॉल ह्यांनी १९७० मध्ये सारा वृत्तान्त उभा केला.

ह्या प्रकरणाकडे फसवणूक आणि वेड ह्या दोन शब्दांतून पाहिले जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मर्म वेगळे आहे. खोटे साहस रचणे सोपे असते. एखादे वादळ कोणालाही कल्पिता येते. अवघड असते ते खोटे नित्य रचणे. खरा खलाशी सूर्याची उंची मोजतो आणि तिच्यावरून स्थान काढतो. क्राउहर्स्टला न गेलेल्या स्थानापासून उलट गणित करून, तेथून सूर्य किती उंच दिसला असता, हे शोधावे लागले. जेथे तो नव्हता तेथील हवामानाची माहिती त्याला रेडिओवरून टिपून ठेवावी लागली. प्रत्येक खोट्या दिवसाला दुपार हवी, वारा हवा. नित्याचे खोटे रूप नित्याहून अधिक श्रमाचे असते, आणि ह्या श्रमाला नौका सांभाळण्याच्या खऱ्या श्रमाची जोड होतीच. एका माणसाला दोन दिनचर्या जगाव्या लागल्या.

त्याचा प्रत्यवायही एकट्यावर थांबला नाही. क्राउहर्स्ट वेगाने मागून येत आहे, ह्या समजुतीने नायजेल टेटलीने आपली खिळखिळी झालेली नौका जोरात हाकली आणि २१ मे १९६९ रोजी ती बुडाली. टेटली वाचला. पण आता सर्वांत वेगवान प्रदक्षिणेचे बक्षीस क्राउहर्स्टकडे चालत येणार होते, आणि त्याबरोबर त्याच्या नोंदींची तपासणीही. अखेरच्या आठवड्यात त्याच्या लॉगबुकात स्थान, वारा, शीड ह्यांची भाषा संपते आणि देव, काळ व मानवी बुद्धी ह्यांविषयीचे हजारो शब्दांचे चिंतन सुरू होते. १ जुलै १९६९ रोजी ते थांबते. नित्य सुटले की उरते ती केवळ अमूर्त भाषा, हे इतक्या करुण रीतीने दाखविणारी दुसरी संहिता मला माहीत नाही. ह्या शर्यतीत उतरलेल्या नऊ जणांपैकी एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने ती पूर्ण केली, आणि मिळालेले ५,००० पौंड त्याने क्राउहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

क्राउहर्स्टने खोटे लॉग समुद्रात फेकले नाही आणि खरे लॉगही नष्ट केले नाही, असे सर्व खात्रीने सांगता येणार नाही. पण जे मागे राहिले त्यात खऱ्या नोंदी होत्या, एवढे निश्चित. ज्या प्रवासाला कोणी साक्षी नव्हता, त्या प्रवासाची साक्ष शेवटी त्याच्याच हस्ताक्षरातील क्षुल्लक नोंदींनी दिली. आत्मचरित्राच्या सत्यतेचा विचार करताना आपण कबुलीजबाब, पश्चात्ताप, आत्मपरीक्षण अशा मोठ्या प्रसंगांकडे पाहतो. सत्य पुष्कळदा त्याहून खालच्या पातळीवर, तारखा आणि आकडे ह्यांत वास करते.

७

परिस्थिती आता बदलली आहे. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई'तून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात बांधलेल्या ह्या ५६ फुटी नौकेचे नाव गोव्याच्या नदीवरून घेतलेले आहे. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी ह्यांनी २०१२–१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा केली. ह्या खलाशांचा किनाऱ्याशी उपग्रहामार्फत संपर्क होता. स्लोकमच्या निवेदनात एकान्त हा प्रवासाचा आधार होता. आता तो निवडून मर्यादित करण्याची गोष्ट झाला आहे.

२०१८ मध्ये जुन्या शर्यतीची पन्नाशी साजरी करण्यासाठी पुन्हा तशीच शर्यत भरली, तेव्हा ह्या बदलातील विरोधाभास ठळक झाला. स्पर्धकांनी उपग्रहाच्या साहाय्याविना, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे वापरून मार्ग काढावा, असा नियम होता. मात्र त्यांच्या नौकांवर त्यांचे स्थान कळविणारी उपकरणे होती. खलाशाला आपण कोठे आहोत हे सूर्याला विचारावे लागत होते, आणि किनाऱ्यावरील प्रेक्षकाला ते आधीच ठाऊक होते. ह्या व्यवस्थेचे मोल कमी लेखता येणार नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात टॉमी ह्यांच्या 'तुरिया' ह्या नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या आणि पाठीला गंभीर दुखापत होऊन ते अंथरुणाला खिळले. त्यांची सुटका होऊ शकली ती त्यांचे स्थान ठाऊक असल्यामुळे. २०२२–२३ च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

क्राउहर्स्टचे खोटे आज एक दिवसही टिकणार नाही. मग नोंदवहीचे साक्षित्व संपले काय? तसे मला वाटत नाही. नौका कोठे आहे हे उपग्रह सांगू शकतो. त्या पहाटे माणूस उठला की नाही, त्याने दोरावरून हात फिरवला की नाही, थकवा असताना पाणी उपसले की उद्यावर टाकले, हे तो सांगू शकत नाही. स्थान हे फळ आहे, आणि फळाची साक्ष बाहेरून देता येते. नित्याची साक्ष बाहेरून देता येत नाही, कारण ते नीट झाले असता बाहेर काही दिसतच नाही. ती ज्याने केले त्यानेच द्यावयाची असते, आणि ती खरी मानावी की नाही, हे वाचकाला त्याच्या वाक्यांच्या पोतावरून ठरवावे लागते.

ह्या लेखनप्रकाराला 'साहसकथा' म्हणून बाजूला सारण्यात समीक्षेचे नुकसान आहे ते ह्यामुळे. आत्मपर लेखनातील सत्याचा प्रश्न येथे त्याच्या सर्वांत उघड्या रूपात भेटतो. पुढचा अभ्यासक ही पुस्तके हाती घेईल तेव्हा त्याने वादळाची प्रकरणे खुशाल वाचावीत. पण निकष लावावा तो त्या दोन वादळांमधील पानांना.